कोकण किनाऱ्यावर एक दिवस: आधी समुद्राची वेळ विचारा

दिवाळीची सुट्टी लागली, नाताळ आला किंवा मुलांच्या परीक्षा आटपल्या की घराघरांत एकच बेत शिजतो. गाडी काढू, कोकणात जाऊ आणि एका दिवसात किनाऱ्यावरची चार-पाच गावं बघून येऊ. बेत चांगलाच आहे. आजी-आजोबा, मुलं, एखादी आत्या असे सगळे एका गाडीत बसून हिंडतायत, असे दिवस वर्षाकाठी फार येत नाहीत.

पण त्यातलं ‘चार-पाच गावं’ तेवढं बाजूला ठेवा. दोन पुरेत, फार तर तीन.

मी इथे दापोलीचा किनारा धरून सांगते. मुरूड, हर्णै, आंजर्ले, केळशी ही गावं नकाशात एकमेकांना खेटून दिसतात. दापोलीहून हर्णै पंधरा-सोळा किलोमीटर. पुण्या-मुंबईच्या माणसाला ते अर्ध्या तासाचं काम वाटतं. पण नकाशात अंतर दिसतं, वळणं दिसत नाहीत. रस्ता अरुंद असतो, कडेला जांभ्याचे गडगे असतात. समोरून एसटी आली की एकाला मागे यावंच लागतं. त्यात मागच्या सीटवर कुणाला मळमळतं, कुणाला शहाळं हवं असतं. गावं वाढवलीत की दिवसभर गाडीतच बसाल आणि संध्याकाळी सगळ्यांचे चेहरे उतरलेले असतील.

म्हणून किनाऱ्यावरचा दिवस किलोमीटरवर आखू नका. तीन गोष्टींवर आखा. भरती-ओहोटी, जेवण आणि उजेड. बाकी सगळं त्यांच्या मागून येतं.

आदल्या रात्री भिंतीवरचं कॅलेंडर बघा. त्या दिवशी तिथी कोणती? कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. शुद्ध असो की वद्य. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला पाणी भरलेलं. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाला. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते.

हा अंदाज आहे, थोडा मागेपुढे होतो. नेमकी वेळ फोनवर भरतीच्या तक्त्यात मिळेल. ज्यांच्याकडे उतरला असाल त्यांनाही विचारा. किनाऱ्यावरच्या घरात हा प्रश्न कुणाला वेगळा वाटत नाही.

आता याचा उपयोग बघा. समजा तुम्ही पौर्णिमेला गेलात. सकाळी अकराच्या सुमाराला मुरूडच्या किनाऱ्यावर पाणी वरपर्यंत आलेलं असेल. मुलांना धावायला वाळू कमी. तीच वाळू संध्याकाळी पाचला लांबच लांब मोकळी असेल. मग सकाळी देऊळ आणि गाव बघा, वाळू संध्याकाळसाठी ठेवा. अष्टमीच्या आसपास गेलात तर उलट करा, वाळूवर दुपार व्हायच्या आत जा. सकाळची भरती तोवर बरीच ओसरलेली असते, संध्याकाळी पाणी पुन्हा वर. कुणाला वेगळा खर्च नाही, त्रास नाही. फक्त क्रम बदलायचा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, हेही लक्षात असू द्या. पाणी जास्त वर चढतं आणि जास्त आत जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा पाण्याची हालचाल कमी. लहान मुलं बरोबर असतील तर हा फरक मोठा आहे.

पाण्यात उतरण्याबद्दल कडक बोलणार आहे, राग मानू नका.

पाणी ओसरत असताना आत जाऊ नका. ओहोटीच्या पाण्याला ओढ असते. गुडघाभर पाण्यात उभं राहिलात तरी पायाखालची वाळू निघून जाते. पोहता येणारी माणसंही यात सापडतात, किंबहुना तीच जास्त आत जातात. तलावात किंवा पोहण्याच्या टाकीत शिकलेलं पोहणं इथे फारसं कामाला येत नाही.

कुणी ओढीत सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने सरळ झगडू नका. त्याने दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. ओढीची पट्टी अरुंद असते, तिच्या बाहेर पडलात की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे आणतात. आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाने वाचवायला म्हणून धाडकन उडी मारू नये. दोर, टायरची ट्यूब, रिकामा पाण्याचा कॅन, जे तरंगतं ते फेका. आरडाओरडा करून होडीवाल्यांना बोलवा. ११२ वर फोन लावा, रुग्णवाहिकेसाठी १०८.

दहा वर्षांखालच्या मुलांचा हात धरूनच पाण्यात जा. ‘मी बघतोय’ असं लांबून म्हणणारा बाप फोनकडेही बघत असतो. दोन मोठ्या माणसांनी आळीपाळीने पहारा वाटून घ्या आणि आत्ता पाळी कुणाची हे तोंडाने सांगा. ज्याने दारू घेतली आहे त्याने पाण्यात उतरायचं नाही, मुलांवर लक्षही ठेवायचं नाही, गाडी तर नाहीच नाही.

पावसाळ्यात या किनाऱ्यावर समुद्रात पायही बुडवू नका. बघायला जा, लांबून बघा. बोटीसुद्धा तेव्हा किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते दोन महिने आत जात नाहीत, मग आपण कशाला जायचं?

आता गाडीचं.

गाडी वाळूत नेऊ नका. किनाऱ्यावर येऊन गाडी गमावलेली माणसं दर सुट्टीत दिसतात. ओहोटीला ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट वाटते. चार गाड्या आधीच उतरलेल्या असतात. मुलं ओरडतात, बाबा, आपणही जाऊ. बाबा गाडी घालतात. फोटो होतात. मग परत वळवताना पुढचं चाक मऊ जागी जातं. ॲक्सिलरेटर दाबला की चाक फिरतं आणि स्वतःचाच खड्डा करतं. गाडी पोटावर बसते.

तोवर भरती लागलेली असते. पाणी माणसाची वाट बघत नाही. गावातली पोरं धावून येतात, दोर लावतात, कुणी ट्रॅक्टर आणतं. कधी निघते गाडी. कधी लाटा दारांवरून जातात आणि सगळे काठावर उभे राहून बघत बसतात. खारं पाणी इंजिनात आणि वायरींत गेलं की ती गाडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. विम्याची कंपनीही विचारणार, गाडी तिथे नेलीच कशाला?

शिवाय वाळूत जीव राहतात. खेकड्यांची बिळं असतात. थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं रात्री वर येऊन अंडी घालतात. वेळास, आंजर्ले, केळशी या पट्ट्यात हे होतं. घरटं वरून दिसत नाही. चाकाखाली काय गेलं हे तुम्हाला कळणारही नाही.

तर गाडी रस्त्याला, गावाने ठरवलेल्या जागी ठेवा. दहा-वीस रुपये घेत असतील तर द्या. कुणाच्या आगराच्या फाटकासमोर, विहिरीच्या वाटेवर किंवा देवळाच्या दारात लावू नका. गावातल्या पाखाड्या माणसं आणि गुरं जाण्यासाठी असतात. मोठी गाडी आत घातलीत तर वळवायला जागा मिळत नाही, आणि गडग्याला आरसा घासून मागे यावं लागतं.

आता दिवसाचा क्रम लावू.

रात्री दापोलीत मुक्काम करा. पेट्रोल तिथेच भरून घ्या. रोख पैसेही तिथेच काढा. पुढे रेंज जाते-येते, आणि रेंज नसली की फोनवरचे पैसे फोनमध्येच राहतात. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. सकाळी न्याहारी हलकी करा. घावन, आंबोळी, मऊ भात असं काही. तेलकट वडे खाऊन वळणांच्या रस्त्याला लागलात की मागच्या सीटवरून पिशवी मागितली जाते. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा, काच थोडी उघडी ठेवा, हातात फोन देऊ नका. आवळासुपारी किंवा आल्याची वडी जवळ असू द्या.

पहिलं गाव मुरूड घ्या. दापोलीजवळचं हे मुरूड, जंजिऱ्याचं नव्हे. फोनवर रस्ता लावताना हे नीट बघा, नामसाधर्म्यामुळे रस्ता रायगड जिल्ह्यात निघतो. इथे दुर्गादेवीचं जुनं देऊळ आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे या गावात वाढले. मुलांना त्यांची एक गोष्ट गाडीतच सांगा. शाळेच्या परीक्षेसाठी ते मुरूडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत गेले. तिथे पोचल्यावर, वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे त्याच माणसाने बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलं आणि १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं. गाडीत बसून बसून कंटाळलेल्या मुलाला हे ऐकू द्या. गोष्ट सांगा आणि गप्प राहा, तात्पर्य काढू नका.

मुरूड आणि कर्दे इथून डॉल्फिन दाखवायला होड्या जातात. जायचं तर सकाळी जा, तेव्हा वारा कमी असतो. प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट हवं, मुलांच्या मापाचं, आणि पट्टे बांधलेलं. नुसतं मांडीवर ठेवलेलं नको. होडीत गर्दी वाटली तर उतरा आणि पुढच्या होडीची वाट बघा. होडीवाला ‘आज नको’ म्हणाला तर जास्त पैसे देऊन त्याचं मन वळवू नका. डॉल्फिन दिसतीलच असं नाही, हेही मुलांना आधी सांगून ठेवा.

पुढे निघण्याआधी एक फोन करा. जेवणाचा.

इथली घरगुती खानावळ हॉटेलसारखी चालत नाही. तुम्ही सकाळी माणसं सांगता, मग घरातली बाई त्या मापाने मासे आणते, नारळ खवते, भात लावते. दीड वाजता दहा माणसं न सांगता दारात उभी राहिली तर तिचीही पंचाईत आणि तुमचीही उपासमार. म्हणून साडेनऊ-दहापर्यंत कळवा. किती माणसं, त्यात शाकाहारी किती, तिखट किती चालेल, कोणाला मधुमेह आहे का. आणि सांगितलेल्या वेळेला पोचा. उशीर होत असेल तर कळवा. सांगून न जाणं तर फारच वाईट. तिचे मासे, तिचा दिवस, दोन्ही वाया जातात.

फोनवर आणखी एक विचारा, आज ताजं काय आहे? सुरमईचाच हट्ट धरू नका. बांगडा, मुडदुशी जे आलं असेल ते चांगलं लागतं आणि खिशालाही परवडतं. सोलकढी वरून मागून घ्या. शाकाहारी असाल तर कुळथाचं पिठलं आणि भात सांगा.

दुपारी बारा ते चार उन्हात हिंडू नका. किनाऱ्यावर वारा असतो, म्हणून ऊन जाणवत नाही. संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांचं डोकं दुखतं, मुलांना ताप येतो, तो याच उन्हाचा. जेवून पडवीत तासभर पडा. गावही तेव्हा पडलेलं असतं. त्या वेळी गाडीतली गाणी मोठ्याने लावून वाड्यांतून जाऊ नका, हॉर्नही जपून वाजवा. कोकम सरबत, ताक, शहाळं देत राहा. बायकांची आणि आजीची स्वच्छतागृहाची सोय खानावळीतच करून घ्या, निघण्याआधी सगळ्यांनी. पुढे कुठे चांगली सोय मिळेल याचा भरवसा धरू नका.

चारच्या सुमाराला हर्णै बंदर गाठा. मासळीचा लिलाव बघण्यासारखा आहे. होड्या आलेल्या असतात, वाळूवर मासळीचे ढीग लागतात, बोली भराभर चढते. बोलणाऱ्यांत बायका पुढे. पण ही त्यांची कामाची वेळ आहे, तुमच्यासाठी मांडलेला खेळ नाही. वाटेत उभे राहू नका. डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या बाईला आधी जाऊ द्या. कुणाचा फोटो काढायचा तर विचारा, नको म्हटलं तर सोडा. नाकाला रुमाल लावून मुरडू नका. वास सहन होत नसेल तर मुलांना घेऊन लांब उभे राहा. पायांत रबरी चपला असू द्या, तिथे ओलं आणि घसरडं असतं. दोरीवर किंवा जाळीवर वाळत घातलेल्या मासळीला मुलं हात लावणार नाहीत एवढं बघा, ती कुणाची तरी वर्षाची बेगमी आहे.

लिलावात घरगुती गिऱ्हाइकाचं काम नसतं, तिथे मोठे ढीग जातात. तुम्ही बाजूला वाटे लावून बसलेल्या बायकांकडे घ्या. डोळा चमकदार, कल्ला लाल, बोटाने दाबल्यावर मांस वर येणारं, एवढं बघितलं की पुरे. घासाघीस थोडी करा, चालते. पण मासे त्याच रात्री मुक्कामावर करून मिळणार असतील तरच घ्या, आणि बर्फाच्या पेटीतच न्या.

बंदरातून समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. १७५५ साली पेशव्यांनी इंग्रजांच्या आरमाराची मदत घेऊन तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. किनाऱ्यावर गोवा किल्ला, कनकदुर्ग आणि फत्तेगड आहेत. सगळं बघायचा आग्रह नको. होडीने सुवर्णदुर्गावर जायचं तर तो अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम होतो. उतरताना पाण्यात पाय टाकावे लागतात, आजोबांचे गुडघे ते मानणार नाहीत. गोवा किल्ल्याच्या तटावरून तो चांगला दिसतो. तेवढं या दिवसाला पुरे.

हर्णैहून खाडीवरचा पूल ओलांडला की आंजर्ले. पूर्वी इथे तरीने जावं लागायचं. कड्यावरचा गणपती टेकडीवर आहे. मूर्ती उजव्या सोंडेची आहे. गावातून पायऱ्यांची जुनी वाट आहे, आणि गाडीही वर देवळाजवळ जाते. म्हणून म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी आंजर्ले निवडीन. वरून समुद्र, नारळाची आगरं, लांबवर सुवर्णदुर्ग हे सगळं एका जागी बसून दिसतं. आजीला कुठेही चढावं लागत नाही. आसूदचा केशवराज सुंदर आहे, पोफळीच्या सावलीतली वाट आहे. पण तिथे आधी उतरायचं आणि मग चढायचं, म्हणून तो वेगळ्या सकाळी करा.

केळशीही मोठं गोड गाव आहे. महालक्ष्मीचं देऊळ, याकूबबाबांचा दर्गा, खाडीच्या तोंडाशी वाळूची जुनी टेकडी. आणि म्हणूनच ते याच दिवसात कोंबू नका. आंजर्ल्याहून पुढे आडे, पाडलेवरून तिथे जायचं, बघायचं आणि अंधारात परतायचं, यात कुणालाच सुख नाही. केळशीला पुढच्या वेळी मुक्कामाला जा.

वाटेत आगरात पडलेला नारळ, सुपारी, आंबा उचलू नका. पडलेला असला तरी तो कुणाचा तरी असतो. हवा असेल तर हाक मारा. विकत देतील, बऱ्याचदा तसाच देतील. आमसुलं, कोकमाचं आगळ, फणसपोळी, कुळथाचं पीठ घरगुती मिळतं. ते शहराच्या वाटेवरच्या झगमगीत दुकानातून घेण्यापेक्षा गावातच घ्या. पैसे त्या घरात राहतात. कचऱ्यासाठी गाडीत एक मोठी पिशवी ठेवा आणि ती भरून दापोलीला परत आणा. गावात कचरा टाकायला जागा दिसली तरी तो उचलायला रोज कुणी येतंच असं नाही.

आता उजेडाचं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, मे महिन्यात सातच्या आसपास. मावळता सूर्य बघायचाच असतो, बघा. पण गाडी आधीच परतीच्या तोंडाने लावून ठेवा. पायांची वाळू झटका, मुलांना कोरडे कपडे घाला, आणि सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासात रस्त्याला लागा. अंधारात या रस्त्यांवर गुरं बसलेली असतात, दिव्याशिवाय सायकली येतात, वळणावर गडगा दिसत नाही.

चढावरच्या गाडीला आधी जाऊ द्या, हा नियमही आहे आणि रीतही. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. सतत ब्रेक दाबून ठेवलात तर ते तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, रात्री दिवा खालीवर करा. एसटीला वाट द्या. तो चालक हा रस्ता रोज करतो, तो थांबलाय म्हणजे काहीतरी कारण आहे.

ज्यांचा मुक्काम गुहागरला आहे त्यांना दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट सोयीची. तीत गाडीही जाते आणि खेड-चिपळूणचा वळसा वाचतो. शेवटची फेरी किती वाजता, हे सकाळीच विचारून ठेवा. बोटीवर हॅण्डब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि मुलांना कठड्यावर चढू देऊ नका.

त्याच रात्री पुण्या-मुंबईला परत निघू नका. दिवसभर ऊन आणि वारा खाल्लेल्या माणसाला घाटात झोप येते, आणि शेजारी बसलेलं माणूसही तेव्हा झोपलेलं असतं. दापोलीत राहा, सकाळी उजाडल्यावर निघा. रजा एक दिवस जास्तीची टाका. बेत ठरवतानाच टाका, मग तिथे बसून साहेबाला फोन करावा लागत नाही.

घरी पोचलात की दुसऱ्या दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या. खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो. आणि खानावळीतल्या त्या बाईंचा फोन नंबर वहीत लिहून ठेवा. शेजारचे पुढच्या महिन्यात निघतील तेव्हा त्यांना द्या, आणि सकाळीच फोन करा म्हणावं.